ती भांगात हाय

माझं लग्न मोडलं ते बोईसरच्या एस.टी. थांब्यावर, भर दुपारी. मोडायला इतका थोडा वेळ लागला की ड्रायव्हरचा चहासुद्धा पिऊन झाला नव्हता.

मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे ट्रेसर होतो. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्यामुळे आसपास जो तो काही ना काही बांधत सुटला होता. आमचा कंत्राटदार कामगारांच्या चाळी बांधायचा आणि मी त्या चाळींचे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवायचो. राहायला पालघरला, आत्याकडे. मूळचा मी नगरकडचा. पाणी विहिरीत असतं आणि ते आपल्या जागी गुमान राहतं, एवढंच माझं पाण्याविषयीचं ज्ञान. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती या अज्ञानामुळेच झाली.

तर ती बसमधून उतरली. केळव्याहून एवढ्या लांब, न कळवता. मी धावत गेलो.

"मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली.

"आज शाळा नाही वाटतं?" मी म्हणालो. ती केळव्याच्या प्राथमिक शाळेत शिकवायची.

"मी काय म्हटलं ते ऐकलंत का?"

"ऐकलं ना. पण उन्हात कशाला उभ्या? चहा घेऊ."

"तुमचं काही चुकलेलं नाही. मला आता कशातच काही वाटत नाही. तुमच्याविषयीसुद्धा नाही." हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, फळ्यावरचं उदाहरण वाचून दाखवावं तशी. चेहरा धुऊन ठेवलेल्या पाटीसारखा कोरा. मग वळली आणि त्याच बसमध्ये चढून बसली. कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी हलली, आणि मी सवयीनं हात हलवला. मोडून चाललेल्या लग्नाला हसतमुखानं टाटा करणारा नवरदेव त्या थांब्यानं आधी पाहिला नसावा. पलीकडे केळी विकणारी बाई तोंडाला पदर लावून बघत होती.

आता ही कोरी पाटी आधी कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर मला एवढा धक्का का बसला ते कळणार नाही.

पोह्यांच्या कार्यक्रमाला मी केळव्याला गेलो, तेव्हा प्रश्न तिनं मला विचारले. पोहता येतं का, बासरी येते का, माणसानं झोपेत इतका वेळ का घालवावा. मी पहिल्याला हो म्हटलं, जे खोटं होतं, आणि तिसऱ्यावर विचारवंतासारखा चेहरा केला. साखरपुडा झाला आणि मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! तिचं बोलणं असं धावायचं, की मला मधे 'हो' घालायला जागा सापडत नसे. शाळेतल्या पोरांचं नाटक बसवलं, त्याचे पडदे स्वतः शिवले, ते कमी पडले म्हणून आईच्या पातळांचे शिवले. मुंबईचे लोक रविवारी समुद्रावर येतात, त्यांच्यासाठी पोफळीच्या वाडीत एक छोटं लॉज काढायचं तिनं ठरवलं आणि नकाशा काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पहिल्या भेटीत दोन खोल्या होत्या. मग दर भेटीला एक मजला वाढत गेला. पुढे त्यात वाचनालय आलं, मग रंगमंच, आणि शेवटी गच्चीवर एक दीपस्तंभ. मी कंत्राटदाराच्या कागदावर, कंत्राटदाराच्या शाईनं, तो दीपस्तंभसुद्धा काढला. जिना बसत नव्हता, तो मी बाहेरून फिरवला.

एकदा पालघर-बोईसर बसमध्ये ती उठून उभी राहिली आणि तिनं सगळ्या बसला लग्नाचं आमंत्रण दिलं. कंडक्टरसकट. सातपाटीच्या कोळणी होत्या, बांधकामावर निघालेले वारली मजूर होते, एक पोस्टमन होता. "सगळ्यांनी यायचं! जेवायला!" सगळी बस टाळ्या वाजवत होती आणि मी खिडकीबाहेर बघत, लाजत, मनातल्या मनात म्हणत होतो, काय ही बाई फुललीय! आणि कुणामुळे? तर माझ्यामुळे. मी आरशात स्वतःकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो होतो. जाहिरातीतले लोक तेल लावून जे कमावतात ते आपल्याला मुळातच असावं, असं मला वाटे.

आणि मग तो थांबा, ती बस, तो टाटा.

त्यानंतर मी रीतसर दुःखी व्हायचं ठरवलं. दाढी वाढवली. ती माझ्या हनुवटीवर येते आणि गालांवर येत नाही, त्यामुळे विरहाऐवजी बोकडाचा भास व्हायचा. घरी ताटावरून अर्धपोटी उठायचो आणि आत्याचा जीव कासावीस झाला की स्टेशनवर जाऊन बटाटेवडे खायचो. एका संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून, चपला शेजारी ठेवून खिन्न बसलो. खिन्नपणा चांगला जमत आला होता, इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आवो सायेब, उटा! पानी भरतंय!" मला वाटलं त्याला माझे डोळे पाणावलेले दिसले. म्हणून मी मान न वळवताच हात केला, चालू दे, चालू दे. उठलो तेव्हा पँट कमरेपर्यंत भिजली होती आणि चपला समुद्रानं नेल्या होत्या.

त्यात बसचा त्रास. रोज कुणीतरी विचारायचंच. "काय सायेब, जेवन कदी?" एकदा कंडक्टरनं विचारलं, "मटनाचं हाय का गोडाचं?" मी पत्रिकेत काहीतरी निघालं असं पुटपुटायचो. आत्याचा बंदोबस्त पक्का होता. तिनं आळीत सांगून टाकलं होतं, "आम्हीच मोडलं. मुलगी जरा अशीच निघाली." 'अशीच' म्हणजे कशी हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण आळीनं ते आपल्या परीनं भरून घेतलं.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. ती परत यायला हवी होती, आणि ती का गेली ते कळायला हवं होतं. कारण कळलं की ते दुरुस्त करता येईल आणि ती परत येईल, असा माझा सरळ आराखडा. नकाशात भिंत चुकली तर ब्लेडनं खरवडून पुन्हा काढायची, तसं.

अशात एक दिवस तिची मावशी आमच्याकडे आली. ही पालघरलाच दिलेली. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत करायला तिला पाठवलं होतं. आत्या मुद्दामच देवळात निघून गेली, तेव्हा मी एकटाच समोर. मावशीनं साडी पाटावर ठेवली, माझी दाढी पाहिली आणि तिला बहुधा कणव आली.

"तुमी मनाला नका लावून घेऊ, भाऊ," ती म्हणाली. "तुमचा काय दोष नाय. पोरगी सध्या भांगात हाय."

"कशात?"

"भांगात. आमच्याकडं घरात असंच म्हनतात. सरेल हलूहलू. पन कुटं बोलू नका हां, माजी शपत हाय."

आणि ती गेली. मी पाटासमोर बसून राहिलो. भांग! एकदम सगळं लख्ख झालं. ते सुसाट बोलणं, ते बसमधलं आमंत्रण, तो दीपस्तंभ! शुद्धीतली बाई लॉजवर दीपस्तंभ बांधते का? आणि उतरल्यावर तो कोरा चेहरा. माझ्यामुळे फुलली होती म्हणे! तसं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. व्यसन आहे, म्हणजे सुटू शकतं.

आमच्या बांधकामावर बनारसकडचा एक वेल्डर होता. होळीला सगळ्या साइटला ठंडाई पाजणारा. मी त्याला आडून विचारलं, की एका मित्राला सवय लागलीय.

"बहुत पीता है?" त्यानं काच वर करून विचारलं.

"महिनोन्‌महिने."

"महीनों?" तो आदरानं म्हणाला. "खटाई दो, बाबूजी। इमली घोल के पिलाओ। दही खिलाओ। और बहस मत करना।"

शेवटचा सल्ला मी ऐकायला हवा होता.

रविवारी एका हातात चिंचेचा गोळा आणि दुसऱ्या हातात दह्याचं मडकं घेऊन मी केळवे रोडला उतरलो. टांग्यात बसलो, तेव्हा टांगेवाला म्हणाला, "पाव्हनं, दही घोड्यावर सांडू नका, मुंग्या लागतील." निम्मं माझ्या मांडीवर सांडलं. दारात तिची आई उभी होती. वडील वाडीत शिंपण्याला गेलेले. मला बघून ती माउली इतकी दचकली, की तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पुन्हा काढला.

"काकू," मी म्हणालो, "भांगाचं मला सगळं कळलंय."

ती मटकन ओटीवर बसली. "कुणी सांगितलं?"

"ते जाऊ द्या. मी रागावलेलो नाही. कुणाच्याही घरात होऊ शकतं. मी मदत करायला आलोय."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "देवमाणूस हो तुम्ही! आम्ही तुमच्यापासून लपवलं, आणि तुम्ही..."

"कधीपासून आहे?"

"पंधराव्या वर्षापासून."

मी हादरलो, पण तसं दाखवलं नाही. "आणि एकदा सुरू झालं की किती चालतं?"

"कधी दोन महिने, कधी चार. उठत नाही, जेवत नाही, केस विंचरत नाही."

"सलग?"

"सलग. तिच्या आजीचंही असंच होतं."

"आजीसुद्धा?"

"आजी तर भांगात असली की पावसाळा संपेपर्यंत चुलीकडे बघायची नाही. आणि एरवी काय बाई! एका हिवाळ्यात तिनं एकटीनं विहीर खणायला घेतली होती."

माझ्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या भांग पिणाऱ्या बायकांचं एक घराणंच उभं राहिलं. मी आवाज खाली आणला. "काकू, खरं सांगा. घरात आणून कोण देतं?"

"काय आणून देतं?"

"भांग."

"तो कोण आणून देणार? तो आपला आपण येतो."

व्याकरणात काहीतरी बिनसतंय असं मला वाटून गेलं. मी भांगेला ती म्हणतो, या तो म्हणतात. पण किनाऱ्यावरची बोली निराळी, म्हणून मी ते सोडून दिलं आणि ठेवणीतल्या गंभीरपणानं चिंच आणि मडकं पुढे केलं. "हे घ्या. चिंच कोळून द्यायची. वर दही. उतरते."

काकू चिंचेकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग माझ्या दह्यानं माखलेल्या पँटकडे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. खोल, थकलेला, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"आई, ते प्यायच्या भांगेचं बोलतायत."

उधाणाची भरती आणि भांगाची भरती हा भूगोलातला धडा मला शाळेत होता. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र चढतो ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला मंदावतो तो भांग. पण आमच्या नगरच्या मास्तरांनी तो 'आपल्याला काय करायचंय' म्हणून गाळला होता. या घरानं समुद्राचे ते दोन शब्द घेऊन घरातल्या दुखण्याला लावले होते, चार माणसांत बोलता यावं आणि परक्याला कळू नये म्हणून. परका तो मी. या दुखण्याला डॉक्टरांकडे नाव आहे हे मी पुढे म्हातारपणी वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं. तेव्हा गावात त्याला दोनच नावं होती, एक वेड आणि दुसरं बाहेरचं. म्हणून त्यांनी तिसरं करून घेतलं होतं.

मला कळायच्या आधी काकूंना कळलं. हा माणूस काहीच ठाऊक नसताना आला होता, आणि आपणच आपल्या तोंडानं पंधराव्या वर्षापासूनचं, आजीपासूनचं सगळं त्याला सांगून बसलो. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, मी त्यांच्या घरातून काहीतरी चोरलं. त्या मडकं उचलून आत गेल्या. जाताना चिंचही नेली, कारण चिंच चांगली होती.

"आत या," खोलीतून ती म्हणाली.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर चुरगळलेलं पातळ. बसमध्ये उभी राहून सगळ्यांना जेवायला बोलावणारी ती हीच, हे ओळखायला मला क्षण लागला. तिनं ते पाहिलं असणार.

"आजीनं विहीर पुरी केली नाही," ती म्हणाली. "मधेच सोडली. आई ते सांगत नाही."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे..." मी म्हणालो आणि थांबलो. इतकं मूर्ख वाक्य पुरं करणं मलाही जमेना.

"ठाऊक आहे. तुम्ही केसांना तेल लावायला लागला होतात."

मी खाली बघितलं. मग शहाण्यासारखं वागायचं ठरवून म्हणालो, "पण हे सरतं ना? मावशी म्हणाल्या. मी थांबेन. उधाण परत आलं की..."

"उधाण आलं की मीच येईन बोलवायला. कदाचित वाजंत्री घेऊन. तेव्हा येऊ नका."

"का?"

"उधाणात मी कशालाही हो म्हणते. लॉजला म्हटलं, दीपस्तंभाला म्हटलं, अख्ख्या बसला म्हटलं. त्यातच तुम्हालाही म्हटलं. उतरायला लागलं तेव्हा बघितलं, तर तुम्ही तिथंच, नकाशा घेऊन उभे. तुम्ही कधी नाही म्हणतच नव्हतात."

हे खरं होतं. जिनासुद्धा मी बाहेरून फिरवला होता.

"मावशी सांगत होती," ती पुढे म्हणाली, "तुमच्या आळीत म्हणतात, मुलाकडच्यांनी मोडलं."

"आत्यानं सांगितलंय. घराची लाज म्हणून. आणि तुम्ही मोडलं म्हटलं तर लोक तुम्हालाच नावं ठेवतील, एवढी कसली आगाऊ म्हणून."

"ठेवू देत." पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "केस विंचरायला हात उचलवत नाही मला. तशी मी बोईसरला आले. टांगा, गाडी, बस करून. नाही म्हणायला आले. ते नाही माझं आहे. तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या. आजाराचं बोलू नका, आणि तुम्ही मोडलं असंही बोलू नका. मी मोडलं म्हणा."

मी काय काय ठरवून आलो होतो! कोळलेली चिंच, उतरलेली धुंदी, डोळे चोळत जागी होणारी नवरी, पाणावलेले सासू-सासरे. त्यातलं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. खरवडून पुन्हा काढावी अशी भिंतच नव्हती तिथं. आणि मला तिला जे द्यायचं होतं त्यातलं तिला एकच हवं होतं, ते म्हणजे माझा पराभव जाहीर करणं.

"बरं," मी म्हणालो. "म्हणतो."

"नक्की? का नेहमीसारखं हो?"

"नक्की."

ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मी निघालो. ओटीवर काकूंनी मला चहा दिला. डोळे कोरडे केलेले. मी कुठं बोलणार नाही, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही, आणि ठेवावा तरी का? भांगेवर चिंच घेऊन आलेल्या माणसावर?

घरी आलो तेव्हा आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, आधी हिलाच सांगून टाकावं, तिला एकदा पचलं की बाकीचं पालघर सोपं.

"आत्या, आपण मोडलं असं आता सांगायचं नाही. मोडलं तिनं."

सूप थांबलं. "डोकं फिरलंय का तुझं? बाईनं पुरुषाला नाकारलं असं गावभर सांगू?"

"सांगायचं. तसंच झालंय."

"अरे मेल्या, तुझं पुढं जमायचं आहे कुठंतरी! निदान तिच्यात काही खोट होती असं तरी..."

"तिच्यात काही खोट नव्हती."

"मग पत्रिका."

"पत्रिका छत्तीसपैकी बत्तीस जुळली होती. तूच पेढे वाटलेस."

आत्या चिडली, म्हणाली की मी कुळाचं नाक कापायला बसलोय, माझ्या वडिलांना काय वाटेल, ती उद्या हळदीकुंकवाला कुठल्या तोंडानं जाईल. मी ऐकून घेतलं. एरवी मी एवढ्यात हो म्हणून मोकळा झालो असतो. त्या दिवशी झालो नाही, याचं मलाच नवल वाटत होतं.

शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं. "बरं बाई, सांगते. पण बायका कारण विचारतील. कारण काय सांगू?"

"आवडला नाही म्हणावं."

आत्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पायांपासून सुरुवात करून, दह्याच्या डागांवरून वर येत, हनुवटीवरच्या बोकडदाढीपाशी ती जरा थांबली. मग तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

"हे मात्र," ती म्हणाली, "लगेच पटेल सगळ्यांना."